अंडरग्लेझ : रंगांचे थर आणि मिश्रणं

मागच्या भागात आपण चाकावरून उतरवलेलं भांडं वाळवून पहिल्या भाजणीपर्यंत नेलं. आज रंग. त्यातही अंडरग्लेझ, म्हणजे झिलईच्या खाली राहणारा रंग. एकावर एक थर कसे द्यायचे आणि दोन रंग एकमेकांत कसे मिसळायचे, एवढाच आजचा विषय. व्हिडिओत मी टाइल्स कॅमेऱ्यासमोर धरून दाखवल्या होत्या. पुस्तकात ती सोय नाही, म्हणून इथे आकडे आणि कारणं जास्त सविस्तर दिली आहेत.

या विषयावर प्रेक्षकांचा सगळ्यात नेहमीचा प्रश्न असा : "बाटलीत दिसत होता तो रंग भांड्यावर का आला नाही?" याचं थोडक्यात उत्तर असं की, भांड्यावरचा रंग चार गोष्टी मिळून ठरवतात. खालची माती, रंगाच्या थराची जाडी, वरचं ग्लेझ आणि भट्टीची आच. बाटली विकत घेताना या चारांपैकी एकही गोष्ट दुकानदाराला माहीत नसते. ती फक्त तुम्हाला माहीत असते. म्हणून रंगाचा तक्ता तुमचा तुम्हीच करायला हवा. आजचं सगळं बोलणं या एका मुद्द्याभोवती आहे.

अंडरग्लेझ म्हणजे काय

अंडरग्लेझमध्ये तीन घटक असतात. पहिला, रंग देणारा पदार्थ. दुसरा, माती आणि थोडासा वितळणारा काचेसारखा भाग, ज्यामुळे रंग भांड्याला धरून राहतो. तिसरा, डिंक किंवा तत्सम चिकट पदार्थ, ज्यामुळे ब्रश नीट फिरतो आणि वाळलेला रंग बोटाला लागत नाही. डिंक भट्टीत जळून जातो. त्याचं काम तिथवरच असतं.

हा रंग दोन वेळी लावता येतो. भांडं चामड्याइतकं घट्ट झालेलं असताना किंवा पूर्ण वाळल्यावर, म्हणजे कच्च्या भांड्यावर. नाहीतर पहिल्या भाजणीनंतर, म्हणजे बिस्कवर. कच्च्या भांड्यावर लावला तर पहिल्या भाजणीतच रंग पक्का बसतो, आणि नंतर ग्लेझ लावताना तो पुसला जात नाही. तोटा असा की कच्चं भांडं नाजूक असतं. ओला ब्रश वारंवार फिरवला तर कड भिजून खचते. बिस्कवर भांडं हातात निर्धास्त धरता येतं, पण बिस्क पाणी शोषून घेतं. ब्रश टेकताच रंगातलं पाणी आत जातं आणि फटकारा मध्येच थांबतो. त्यासाठी आधी ओल्या स्पंजने भांडं पुसून घ्यावं. धूळही निघते आणि शोषणही थोडं मंदावतं. हाताला क्रीम किंवा तेल असेल तर मात्र बिस्कला हात लावू नका. त्या बोटांच्या ठशावर रंगही धरत नाही आणि ग्लेझही नाही.

रांगोळी आणि साखर

रंग मिसळण्याआधी तुमच्या बाटलीत नक्की काय आहे ते माहीत हवं. बाजारात दोन प्रकार मिळतात.

पहिला प्रकार म्हणजे धातूंची ऑक्साइडं आणि कार्बोनेटं. कोबाल्टपासून निळा, तांब्यापासून हिरवा किंवा फिरोजी, लोखंडापासून पिवळट तपकिरीपासून काळ्यापर्यंत, मँगनीजपासून तपकिरी आणि जांभळट, क्रोमियमपासून हिरवा. हे पदार्थ वितळलेल्या ग्लेझमध्ये कमीअधिक विरघळतात, पाण्यात साखर विरघळावी तसे. त्यामुळे त्यांच्या कडा पसरतात आणि शेजारच्या रसायनांशी त्यांचा संबंध येतो. शिवाय कच्चेपणी ते भलतेच दिसतात. कोबाल्ट ऑक्साइड काळं असतं, कोबाल्ट कार्बोनेट जांभळट गुलाबी असतं, आणि दोघंही भट्टीतून निळी होऊन येतात.

दुसरा प्रकार म्हणजे स्टेन. कारखान्यात ऑक्साइडं दुसऱ्या खनिजांबरोबर आधीच कडक तापवून, दळून, धुऊन ही पूड तयार करतात. झिर्कॉन आणि प्रासिओडिमियमचा पिवळा, झिर्कॉन आणि व्हॅनेडियमचा आकाशी, क्रोम आणि कथलाचा गुलाबी, ही त्याची उदाहरणं. स्टेनचे कण ग्लेझमध्ये फारसे विरघळत नाहीत, कणच राहतात. निळी आणि पिवळी रांगोळी एकत्र केली तर जवळून दोन्ही कण दिसतात, पण लांबून हिरवं वाटतं. स्टेनचं मिश्रण तसं आहे. म्हणून स्टेनपासून केलेले तयार अंडरग्लेझ मिसळताना चित्रकलेतला अंदाज बऱ्यापैकी चालतो. ऑक्साइडांना मात्र तो अंदाज लागू पडत नाही.

लाल आणि भगव्याची गोष्ट वेगळी आहे. हे बहुतेक कॅडमियमचे स्टेन असतात. कॅडमियमचा रंग उघड्यावर आच सोसत नाही, म्हणून त्याचे कण झिर्कॉनच्या पारदर्शक कवचात बंद करतात. कवच शाबूत आहे तोवर रंग टिकतो. असा स्टेन खलात घोटू नका किंवा बॉल मिलमध्ये दळू नका. कवच फुटलं की लाल गेला. नुसता हलवून मिसळायचा.

एकाच रंगाचे थर

सर्वसाधारण नियम असा : एक थर दिला तर जलरंगासारखं दिसतं, फटकारे दिसतात आणि खालची माती डोकावते. दोन थरांनी रंग भरतो. तीन थरांनी तो सलग आणि अपारदर्शक होतो. चौथ्या थराची सहसा गरज नसते, आणि बरेचदा तिथूनच त्रास सुरू होतो.

रंगाचा दाटपणा सायीच्या दुधासारखा ठेवा. तीन पातळ थर एका जाड थरापेक्षा कधीही चांगले. पहिला थर आडवा, दुसरा उभा, तिसरा पुन्हा आडवा. म्हणजे एका दिशेच्या रेघांमधल्या फटी दुसऱ्या दिशेने बुजतात. दोन थरांमध्ये रंगाची ओली चमक जाऊ द्या. ओल्यावर ओला ब्रश फिरवला तर खालचा थर उचलला जातो आणि तिथे टक्कल पडतं.

जाडीमुळे काय बिघडतं? रंगाच्या जाड थराखाली बिस्कची छिद्रं बंद होतात. मग ग्लेझ त्या जागी शोषलं जात नाही, नुसतं वर बसतं, आणि भट्टीत वितळताना आकसून मागे सरकतं. चित्राभोवती ग्लेझचे गोळे आणि मध्ये कोरडा रंग दिसला तर समजा की थर जास्त झाला. कधी रंगाचा पापुद्राच ग्लेझला घेऊन सुटतो.

हे स्वतः पाहायचं असेल तर एक जिना टाइल करा. बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी घ्या. पूर्ण पट्टीवर एक थर द्या. पहिला पाव भाग सोडून उरलेल्यावर दुसरा, अर्धा भाग सोडून तिसरा, शेवटच्या पाव भागावर चौथा. मग पट्टीच्या लांबीने अर्ध्या रुंदीवर पारदर्शक ग्लेझ लावा, अर्धी तशीच ठेवा. एका पट्टीत आठ उत्तरं मिळतात. ग्लेझखालचा भाग किती गडद होतो तेही दिसतं. नदीतला गोटा कोरडा असताना राखाडी आणि ओला असताना काळाभोर दिसतो, तोच प्रकार.

फिकट छटा हवी असेल तर दोन मार्ग आहेत. पाणी घालून पातळ करणं, किंवा पांढरं अंडरग्लेझ मिसळणं. खुर्जा किंवा दिल्लीकडून मागवलेल्या पांढऱ्या मातीवर पाणी चालतं, कारण खालचा पांढरा रंगच छटा उजळ करतो. गावातल्या कुंभाराकडून आणलेल्या लाल मातीवर पाणी घातलं तर निळ्यातून विटकरी डोकावेल आणि सगळं मळकट दिसेल. तिथे पांढरं मिसळा. त्याहून चांगलं म्हणजे, भांडं चामड्याइतकं घट्ट असतानाच त्यावर पांढऱ्या मातीच्या घोळाचा हात द्या आणि मग रंगवा. घोळ आणि भांडं एकत्र आकसतात, म्हणून तो टिकतो. बिस्क झाल्यावर साधा मातीचा घोळ दिला तर तो आकसताना सुटतो, कारण खालचं भांडं आता आकसणार नसतं. बिस्कवर पांढरा पाया हवाच असेल तर पांढरं अंडरग्लेझ वापरा.

वेगवेगळ्या रंगांचे थर

पिवळ्यावर निळा आणि निळ्यावर पिवळा यांचा परिणाम एकच येईल असं वाटतं. तसं होत नाही. वरच्या थराचं वजन जास्त असतं. खाली पिवळ्याचे दोन थर आणि वर निळ्याचा एक पातळ हात दिला तर बहुधा ताजा हिरवा मिळतो, आणि ब्रशचे फटकारे त्यात जिवंत राहतात. उलट केलं तर झिर्कॉनचा पिवळा मुळातच झाकणारा असल्यामुळे खालचा निळा राखाडी होऊन डोकावतो. साधारणपणे फिकट खाली आणि गडद वर ठेवावं. गडदावर फिकट रंग हवाच असेल तर मध्ये पांढऱ्याचे दोन थर द्या. आणि तरीही कोबाल्ट किंवा तांब्याचं ऑक्साइड खाली असेल तर ते ग्लेझमध्ये विरघळून वर येऊ शकतं, हे धरून चाला.

याची टाइल म्हणजे गुणाकाराचा पाढा. सहा रंग घ्या. सपाट टाइलवर सहा उभे पट्टे, प्रत्येकी दोन थर. ते वाळले की त्याच क्रमाने सहा आडवे पट्टे, प्रत्येकी एक थर. ३६ चौकोन होतात. तिरप्या रेषेवरचे सहा चौकोन म्हणजे त्याच रंगावर तोच रंग. उरलेल्या ३० चौकोनांत प्रत्येक जोडी दोनदा येते, एकदा हा वर आणि एकदा तो वर. फौजेत आम्ही नकाशावरची जागा ग्रिडच्या आकड्यांनी सांगायचो. इथेही तसंच करा. उभ्याला १ ते ६, आडव्याला अ पासून ऊ पर्यंत. वहीत "३-इ" लिहिलं की दोन वर्षांनीही नेमका चौकोन सापडतो. टाइलच्या मागे पेनने लिहू नका, ते जळून जाईल. काळ्या अंडरग्लेझने बारीक ब्रशने लिहा.

थरांचा आणखी एक उपयोग म्हणजे खरवडणं. पांढऱ्या घोळावर काळा थर द्यायचा, त्याची ओली चमक गेली की टोकदार काडीने रेघ ओढायची. खालचा पांढरा उघडा पडतो. उठावाच्या भांड्यावर तीन रंगांचे थर एकावर एक देऊन, वाळल्यावर ओल्या स्पंजने उंचवटे पुसले तर तिन्ही रंग कडेकडेने दिसतात. कोरड्या सँडपेपरने हे करू नका. कारण पुढे सुरक्षिततेच्या भागात येईल.

मिश्रण : चमचा नको, सिरिंज

मिश्रणात अंदाजाने काम केलं तर एखादा सुंदर रंग मिळेलही, पण तो पुन्हा मिळणार नाही. सहा कपांचा संच करायचा असेल तर पुन्हा मिळणं हीच खरी गरज आहे.

औषधाच्या दुकानात १० मिलीची सिरिंज मिळते. दोन रंग घ्या, बाटल्या तळापासून नीट हलवा. आधी दोघांचं १०० मिली वजन करून पाहा. एक १४० ग्रॅम आणि दुसरा १२५ ग्रॅम भरला, तर पहिल्यात रंगाची पूड जास्त आहे. त्यात थोडं थोडं पाणी घालून वजन जवळ आणा. नाहीतर समान माप घेऊनही मिश्रण समान होणार नाही.

मग रांग लावा. पहिल्याचे ९ मिली आणि दुसऱ्याचा १, मग ८ आणि २, असं करत १ आणि ९ पर्यंत. दोन शुद्ध रंग धरून ११ ठिपके होतात. तीन रंगांचं करायचं असेल तर त्रिकोण मांडा. प्रत्येक बाजूवर सहा ठिपके ठेवले तर एकूण २१ मिश्रणं होतात. रविवारची एक दुपार पुरते.

सगळे रंग सारख्या ताकदीचे नसतात. कोबाल्टचा निळा म्हणजे हिंग, चिमूटभर पुरतो. पारदर्शक ग्लेझमध्ये अर्धा टक्का कोबाल्ट ऑक्साइड घातलं तरी स्पष्ट निळं दिसतं. म्हणून पिवळ्यात गडद निळा घालताना ९ आणि १ ने सुरुवात केली तर पहिल्याच ठिपक्यात पिवळा हरवतो. तिथे १९ आणि १ ने सुरू करा. काळ्याचंही तसंच. काळ्या स्टेनमध्ये कोबाल्ट, लोखंड, क्रोम, मँगनीज असे बलदंड गडी एकत्र असतात. रंग थोडा दबवायचा असेल तर काळ्याऐवजी त्याचा विरोधी रंग कणभर घाला. हिरव्याला थोडा लाल, भगव्याला थोडा निळा. छटा मरत नाही, नुसती शांत होते.

मिश्रण ओलं असताना त्याच्यावर विश्वास ठेवू नका. काही तयार बाटल्यांत ओळख पटावी म्हणून जळून जाणारा रंग घातलेला असतो. तुम्ही त्याच्याकडे बघून मिसळता आणि भट्टी तो पुसून टाकते.

वरच्या ग्लेझचा शब्द

आता बडोद्याच्या एका ताईंचा प्रश्न. मुलीच्या लग्नात द्यायला त्या २४ ताटल्या करत होत्या. काठाने आंब्याची पानं, हिरव्या अंडरग्लेझची, कच्च्या ताटलीवर रंगवून बिस्क केलेली. पहिल्या सहा ताटल्यांना नवीन आणलेलं पारदर्शक ग्लेझ लावून भट्टीत दिल्या. पानं तपकिरी आली. लग्नाला पाच आठवडे राहिले होते. त्यांनी विचारलं, "सर, रंग खराब निघाला का? उरलेल्या अठरा ताटल्यांवरचा रंग खरवडून काढू का?"

मी त्यांना दोन गोष्टी विचारल्या. हिरवा क्रोमचा आहे का, आणि नव्या ग्लेझमध्ये जस्त आहे का. दोन्हींचं उत्तर हो आलं, आणि त्यातच कारण होतं. क्रोमचा हिरवा जस्त असलेल्या ग्लेझखाली तपकिरी होतो. जस्त आणि क्रोम मिळून तपकिरी रंगाचं संयुग तयार होतं. रंग चांगला होता, ग्लेझही चांगलं होतं, पण जोडी जमणारी नव्हती.

म्हणून खरवडायचं काही कारण नव्हतं. बिस्कवर पक्की बसलेली पानं अजून हिरवीच होती. बदलायचं होतं ते ग्लेझ. त्यांनी जस्त नसलेली दोन ग्लेझं मागवली आणि त्याच मातीच्या, त्याच हिरव्याच्या टाइलवर दोन्ही लावून दुसऱ्या कुणाच्या भाजणीत ती टाइल घातली. दोन्हींखाली पान हिरवं राहिलं, एकाखाली जरा निळसर, दुसऱ्याखाली स्वच्छ. दुसरं ग्लेझ घेऊन अठरा ताटल्या वेळेत झाल्या. पहिल्या सहा तपकिरीच राहिल्या. भाजलेलं परत कच्चं होत नाही. लग्नात अठराच दिल्या.

ग्लेझ बदलता येत नसेल तर दुसरा मार्ग मिश्रणाचा आहे. क्रोमचा हिरवा सोडून द्या. प्रासिओडिमियमचा पिवळा आणि व्हॅनेडियमचा आकाशी यांच्या मिश्रणातून हिरवा करा. त्यात क्रोम नाही, त्यामुळे जस्ताशी तंटा नाही. म्हणजे मिश्रण कळलं तर केवळ नवी छटा मिळते असं नाही, अडचणीतून वाटही मिळते.

आणखी काही जोड्या लक्षात ठेवा. क्रोम-कथलाच्या गुलाबीला ग्लेझमध्ये भरपूर कॅल्शियम लागतं आणि जस्त चालत नाही. नाहीतर तो विटतो. क्रोम भट्टीत थोडा उडतो, आणि शेजारी कथलाचं पांढरं ग्लेझ असलेलं भांडं असेल तर त्यावर गुलाबी झाक येते. तांबंही जास्त आचेला उडतं. १०५० अंशांच्या आसपास ठीक असलेला तांब्याचा हिरवा कोन ६ ला, म्हणजे साधारण १२२० अंशांना, पुसट होऊ शकतो. आणि ग्लेझ कितीही पारदर्शक असलं तरी जाड लावलं की दुधाळ होतं. चित्रावर धुकं आल्यासारखं दिसतं.

रंग बिस्कवर लावला असेल आणि पुन्हा भाजला नसेल तर त्यावर ब्रशने ग्लेझ लावू नका, रंग पसरेल. भांडं झटकन ग्लेझमध्ये बुडवून काढा किंवा फवारा. किंवा आधी पुन्हा एकदा बिस्कच्या आचेला भाजून रंग पक्का करा.

जुन्या कारागिरांचा हिशोब

हे सगळं नवं नाही. जुन्या लोकांनी हेच प्रश्न आपापल्या परीने सोडवले.

जयपूरची ब्लू पॉटरी घ्या. तिचं अंग नेहमीच्या मातीचं नसतं. क्वार्ट्झची पूड, काचेची पूड, मुलतानी माती, सोडा, डिंक यांचं असतं, आणि भाजणी साधारण ८०० ते ८५० अंशांना एकदाच होते. अंगावर आधी पांढरा थर देतात, त्यावर कोबाल्टने बारीक रेघ काढतात आणि आतली जागा तांब्याने भरतात. रंगवताना कारागिरासमोर काळपट रेघा असतात. निळा आणि फिरोजी तो मनातच पाहतो. सोड्याचं प्रमाण जास्त असलेल्या ग्लेझमध्ये तांबं हिरवं न होता फिरोजी होतं, म्हणून तिथला तो खास रंग. रंगांवर रंग न चढवता शेजारी शेजारी ठेवण्यातही शहाणपण आहे. विरघळणारी ऑक्साइडं एकमेकांत शिरली तर चिखल होतो. गडद रेघ बांधासारखी मध्ये उभी राहते आणि थोडी पसरण झाकून घेते. ही कला विसाव्या शतकात मंदावली होती. ती पुन्हा उभी करण्यात कृपालसिंह शेखावत यांचा मोठा वाटा आहे. १९७४ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

चीनमध्ये जिंगदेझेनच्या कारागिरांनी चौदाव्या शतकात कोबाल्टने कच्च्या पोर्सेलिनवर रंगवायला सुरुवात केली होती. ब्रिटिश म्युझियममधल्या प्रसिद्ध डेव्हिड फुलदाण्यांवर १३५१ साल लिहिलेलं आहे. इतक्या कडक आचेला टिकणारे रंग तेव्हा मोजकेच होते, म्हणून त्यांनी एकाच निळ्याच्या छटांवर हुकमत मिळवली. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीच्या भांड्यांवर जिथे कोबाल्ट जाड साचला, तिथे तो ग्लेझ भेदून काळपट ठिपक्यांसारखा वर आला. अठराव्या शतकात जुन्या भांड्यांच्या नकला करणाऱ्यांनी ते ठिपके ब्रशने मुद्दाम काढले. जाड थराची खूण हीच जुनेपणाची ओळख ठरली होती.

तुर्कस्तानातल्या इझनिकच्या सोळाव्या शतकातल्या टाइल्सचा लाल तर हाताला लागतो. तो लोहयुक्त मातीचा रंग. पातळ लावला तर तो फिका पडून तपकिरी होई, म्हणून त्यांनी तो जाड, उठून दिसेल असा भरला. त्याच टाइलवर निळा मात्र पातळ आहे. म्हणजे थरांची संख्या प्रत्येक रंगासाठी वेगळी, हे त्यांना कळलं होतं.

आपल्या मुंबईतही जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरच्या दशकात भांडी रंगवण्याचं काम सुरू झालं. सिंधमधली रंगवण्याची पद्धत आणि अजिंठ्याच्या चित्रांतली नक्षी तिथे एकत्र आली. ती भांडी संग्रहालयात दिसली तर ग्लेझखालची रेघ जवळून पाहा.

सुरक्षितता

ही बाब मी सूचना म्हणून सांगत नाही, आदेश म्हणून सांगतो.

वाळलेल्या रंगाची आणि मातीची धूळ फुप्फुसात जाते आणि तिथेच राहते. म्हणून कोरडं घासायचं नाही, झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. पूड मोजताना एन-९५ मास्क लावायचा. मँगनीज, क्रोम, कोबाल्ट, कॅडमियम यांपैकी काहीही हाताळताना हातमोजे घालायचे, आणि स्वयंपाकघरातला चमचा, वाटी, मिक्सर कामाला घ्यायचा नाही. भट्टी चालू असताना तिच्या खोलीत बसायचं नाही आणि खिडकी बंद ठेवायची नाही. ब्रशचं टोक ओठांनी जुळवायची सवय असेल तर आजच सोडा.

जेवणाच्या भांड्यावर अन्न लागतं त्या भागात अंडरग्लेझ उघडं ठेवू नका. वर नीट वितळलेलं, शिसं नसलेलं ग्लेझ हवं. शिसं नाही हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. घरच्या घरी एक प्राथमिक तपासणी होते. लिंबाची फोड रात्रभर ग्लेझवर ठेवा. सकाळी तिथला रंग किंवा चमक बदलली असेल तर ते भांडं फुलांसाठी ठेवा. बदल दिसला नाही म्हणजे भांडं सुरक्षित सिद्ध झालं, असं मात्र नाही. विकण्यासाठी जेवणाची भांडी करत असाल तर प्रयोगशाळेतून शिशाची आणि कॅडमियमची चाचणी करून घ्या.

या भागाचा गृहपाठ

तुमच्याकडे स्वतःची भट्टी नसेल तरी हरकत नाही. मोठ्या शहरांत स्टुडिओ भाड्याने भाजून देतात, आणि टाइल्सना जागा फार लागत नाही. पुढच्या भाजणीला एवढं द्या : तुमच्या आवडत्या तीन रंगांच्या तीन जिना पट्ट्या, सहा रंगांची एक ३६ चौकोनी टाइल, आणि दोन रंगांच्या मिश्रणाची ११ ठिपक्यांची एक पट्टी. सगळं तुमच्याच मातीवर, तुमच्याच ग्लेझखाली, नेहमीच्या आचेला. वहीत तारीख, माती, रंगाचं नाव आणि बॅच, थरांची संख्या, १०० मिलीचं वजन, ग्लेझ आणि भट्टीत टाइल कोणत्या फळीवर होती, हे लिहा. वरच्या आणि खालच्या फळीच्या आचेत फरक असतो, म्हणून फळीही लिहायची.

टाइल्सना वरच्या कडेला भोक पाडून ठेवा आणि भिंतीवर खिळ्याला टांगा. ग्लेझची नवी पिशवी आली की आधी एक जुनी जोडी नव्या ग्लेझखाली भाजून पाहा, मगच मोठं काम हातात घ्या.

पुढच्या भागात मेण लावून रंग अडवणं आणि कागदाचे स्टेन्सिल. तोवर टाइल्स भाजून ठेवा. त्या जवळ असतील तर पुढचा भाग जास्त उपयोगी पडेल. भेटू.